डब्यावरचा आकडा आणि फोमाचा रोल

कृष्णधवल रोल म्हटला की कोडॅकचा ट्राय-एक्स नाहीतर इल्फर्डचा एचपी५, याच्यापुढे बहुतेकांची यादी जात नाही. चेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोवे शहरात तयार होणारा फोमापान त्यात उशिरा शिरतो, आणि तोही स्वस्त म्हणून.

कारखाना मात्र जुना, १९२१ सालचा. तेव्हा नाव होते फोटोकेमा, आता फोमा. इल्फर्ड २००४ मध्ये, आग्फाफोटो २००५ मध्ये आणि कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेले. फोमा चालू राहिली. क्ष-किरण फिल्म हाही तिचा धंदा आहे. अर्थात तेवढ्याने कोणी तरतेच असे नाही. उटीची सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स 'इंदू' छापाच्या रोलांबरोबर क्ष-किरण फिल्मही बनवायची. ती बंद पडली.

फोमापान १००, २०० आणि ४०० अशा तीन वेगांत मिळतो. त्यातल्या ४०० च्या आकड्यावर फार विसंबू नये. जाणकार त्याला २०० किंवा २५० चाच समजून मीटर लावतात, नाहीतर सावल्यांच्या जागी निगेटिव्ह कोरी निघते. ३५ मिमीच्या रोलवर उजेडाच्या खिडकीभोवती हलकेच तेज पसरते. काहींना तो दोष वाटतो, काही त्याच्यासाठीच पैसे मोजतात. १२० चा रोल धुताना पहिले पाणी हिरवेनिळे बाहेर येते आणि नवखा घाबरतो. तो नुसता रंग असतो, ओतून द्यायचा.

खरी खोड दिसते ती लांब एक्स्पोजरला. प्रकाश मंद आणि वेळ मोठी असली की सगळ्याच फिल्म कमी-अधिक आळसावतात, पण फोमापान १०० फारच. कंपनीचे पत्रकच सांगते: मीटरने एक सेकंद दाखवला तर दोन द्या, दहा दाखवले तर ऐंशी, शंभर दाखवले तर सोळाशे, म्हणजे जवळपास सत्तावीस मिनिटे! कोडॅकच्या टी-मॅक्स १०० चे दहा सेकंदांचे काम पंधरात भागते.

रात्री तिवई लावून बसणारा यावर वैतागतो. पण भर उन्हातल्या चौकातली वर्दळ पुसून टाकायची असेल तर हीच खोड कामाला येते. एफ-१६ आणि शंभरांश सेकंदाच्या उन्हात प्रकाश अडवणारा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की मीटरचे दहा सेकंद होतात आणि फोमाचे ऐंशी. टी-मॅक्सवाल्याला तेवढ्यासाठी आणखी एक फिल्टर विकत घ्यावा लागतो.