मनगटाच्या कातडीची जीभ

मराठवाड्यात मोठा अपघात झाला की नातेवाईक म्हणतात, ‘घाटीला न्या.’ छत्रपती संभाजीनगरचे हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचे. पुढे शहरात १९८२ मध्ये शासकीय दंत महाविद्यालय आणि २०१२ मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. जिभेचा रुग्ण या तिन्ही दारांनी येऊ शकतो: दुचाकीवरून हनुवटीवर आपटलेला तरुण, फिटमध्ये जीभ चावलेली बाई, तोंडात काडी धरून धावताना पडलेले मूल, किंवा तंबाखूच्या कर्करोगाने अर्धी जीभ गमावलेला माणूस.

जिभेला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून ती भळाभळा वाहते आणि म्हणूनच लवकर भरूनही येते. लहान, न उघडलेली जखम बहुधा टाक्यांशिवाय जुळते. टोक दुभंगले, कड फाटली किंवा रक्त थांबेना, तर मात्र विरघळणाऱ्या दोऱ्याने थरांत टाके घालतात. पण सर्जनचे पहिले लक्ष जखमेकडे नसते, श्वासाकडे असते. सुजलेली जीभ आणि घशात उतरणारे रक्त श्वास कोंडू शकते. तेव्हा आधी नळी, गरज पडल्यास गळ्याला छिद्र, आणि मग टाके.

तुटून वेगळा झालेला तुकडा पुन्हा जोडणे दुर्मीळ, पण अशक्य नाही. बंटिक आणि बंके या अमेरिकी सर्जननी असे यशस्वी पुनर्रोपण १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रोहिण्या आणि त्याहून नाजूक शिरा सांधाव्या लागतात. तुकडाच हाती नसेल, तर नवा ऊतक आणावा लागतो.

अवयव घडवण्याचा वारसा महाराष्ट्राला नवा नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ती हकिगत छापली आणि युरोपात या शस्त्रक्रियेची वाट मोकळी झाली. नाकाला आकार मिळाला की बरेचसे काम झाले. जिभेचे तसे नाही. ती हलली नाही तर घास पुढे सरकत नाही.

अमेरिकी सर्जन एरियन यांनी १९७९ मध्ये छातीच्या स्नायूचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट हलवलेला ऊतकाचा तुकडा, मांडला. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, म्हणून तो आजही उपयोगी आहे. चीनमधल्या यांग गुओफान यांनी १९८१ मध्ये हाताच्या पुढच्या भागाची पातळ कातडी रक्तवाहिनीसकट उचलण्याची रीत प्रसिद्ध केली. ज्या रोहिणीवर आपण नाडी पाहतो, तीच या फ्लॅपसोबत निघते. त्यामुळे उरलेल्या रोहिणीवर पंजा तगेल का, हे आधी तपासतात. मग ती रोहिणी मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात, हातावर मांडीची कातडी लावतात. जवळजवळ सगळीच जीभ गेली असेल, तर मांडीचा जाडसर फ्लॅप घेतात. पहिले दोन-तीन दिवस फ्लॅपचा रंग सतत पाहिला जातो. काळपट निळा पडला, तर रुग्णाला तातडीने पुन्हा टेबलावर घ्यावे लागते.

ही नवी जीभ चव घेत नाही, आपणहून हलतही नाही. कधी तिच्यावर हाताचे केसही उगवतात. तिला ओढून नेते ती शिल्लक राहिलेली खरी जीभ. प, ब, म ओठांचे असल्याने वाचतात. मागचा भाग शाबूत असेल तर क, गही निघतात. अडतात ते टोकाचे त, न, ल, र, आणि टोक मागे वळवून उच्चारायचे ट, ण, ळ. ‘पाणी’ मागताना ‘पा’ स्पष्ट येतो आणि ‘णी’ अडखळतो. तो परत मिळवायला वाचा-उपचारतज्ज्ञासमोर महिनोन्‌महिने सराव करावा लागतो. गिळण्याचाही सराव असतोच, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो.

म्हणून वाचकांना तीन विनंत्या. हनुवटी झाकणारे हेल्मेट पट्टा लावूनच वापरा. जिभेचा तुकडा तुटला, तर सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत घाला, पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात नको. जखमीला पुढे झुकवून बसवा आणि १०८ ला फोन करा. आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून वाचा-उपचार अर्ध्यावर सोडू नका. सर्जन जीभ घडवतो, ती बोलती होते सरावाने.