चाकाआडचा लाल कॅलिपर

अलॉय व्हीलच्या फटींतून कधी लाल, कधी पिवळं काहीतरी डोकावतं. तो ब्रेकचा कॅलिपर. फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरायचं, हे त्याचं काम. पोर्शे गाड्यांत पिवळा कॅलिपर म्हणजे सिरॅमिक डिस्कची खूण. आपल्या साध्या हॅचबॅकला मात्र रंग फासून ब्रेक तसूभरही सुधारत नाही. तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकं खोलून माणसं त्यापायी अख्खा रविवार घालवतात. हौसेला मोल नसतं, मान्य. पण तो रंग कुठे तग धरतो ते बघा!

हजार किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून चार-पाच सेकंदांत थांबली, की तिच्या वेगाची बहुतेक सगळी उष्णता होते. किती? पाऊण लिटर पाण्याला आधण यावं इतकी. ती उतरते डिस्क आणि पॅडमध्ये, आणि तिथून कॅलिपरपर्यंत. घाट उतरताना तर श्वास घ्यायलाही उसंत नाही. खिडकीच्या गजांचा ऑइलपेंट इथे काळवंडतो, पोपडे धरतो. उष्णता सोसणारा खास कॅलिपरचाच रंग लागतो, आणि त्याआधी तारेच्या ब्रशनं गंज खरवडून ब्रेक क्लीनरनं धुणं आलंच. ब्रेक ऑइलचा थेंबही राहता कामा नये. नावाला ऑइल, पण हा बहुधा ग्लायकॉलच्या कुळातला द्रव. चांगल्या रंगालाही फुगवून सोलून काढतो.

खरी गंमत आतल्या पिस्टनची. पेडल दाबलं की तो पुढे सरकून पॅडला डिस्कवर रेटतो. पाय उचलल्यावर मागे कसा येतो? त्याला ओढायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी कडांची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित पिळवटते आणि दाब सुटताच पूर्ववत होताना त्याला केसभर मागे घेऊन येते. केसभरच! तेवढ्या फटीवर चाक मोकळं फिरतं.

बहुतेक साध्या गाड्यांत अख्खा कॅलिपरही दोन गुळगुळीत पिनांवर सरकत असतो. त्या पिनांवर किंवा पिस्टनच्या रबरी टोपणावर रंग गेला, तर सरकणं अडतं, पॅड डिस्कला घासत राहतो, चाक तापतं. डिस्क आणि पॅडवर तर एक शिंतोडाही नको. म्हणून जाणत्या हौशी माणसाचा बराचसा रविवार रंगवण्यात जात नाही. मास्किंग टेप चिकटवण्यात जातो.