भावाचा ग्रुप आणि ॲडमिनचे काम

इचलकरंजीत सुताचा भाव पूर्वी पेढीवर किंवा दलालाच्या तोंडून कळे. आता तो व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. सोय मोठी आहे, पण ग्रुप काढणारे बांधव सेटिंग तशीच सोडून देतात. मग कोणीतरी एका काऊंटचा भाव दुसऱ्या काऊंटवर टाकतो, त्यावर सौदा होतो आणि तंटा उभा राहतो.

ग्रुपच्या नावावर बोट ठेवले की खाली परवानग्या दिसतात. संदेश पाठविण्याचा हक्क फक्त ॲडमिनला द्यावा. ही सोय २०१८ पासून आहे. सौदा ज्याने त्याने फोनवर करावा. सेटिंग बदलण्याचा हक्कही ॲडमिनकडेच हवा. तो खुला राहिला तर कोणीही सदस्य संदेश आपोआप पुसण्याची मुदत लावू शकतो: २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. आमच्या धंद्यात मालाची तक्रार उधारीच्या वसुलीवेळी निघते आणि तोवर भाव पुसलेला असतो. मुदत बंदच ठेवावी.

नवा सदस्य मंजुरीनेच घ्यावा. ॲडमिन दोघे असावेत. एक हजला गेला तर दुसरा भाव टाकील. ईदच्या शुभेच्छांना वेगळा ग्रुप काढावा, त्यांच्या गर्दीत कालचा भाव सापडत नाही.

ज्यांना ग्रुप खुलाच ठेवायचा आहे त्यांना कायद्याची धास्ती असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले की, सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला एवढ्यावरून ॲडमिन दोषी ठरत नाही; दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला पाहिजे. तरी असा मजकूर दिसताच ॲडमिनने तो सर्वांसाठी पुसावा आणि टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढावे.