कॅलिफोर्नियाची सूट आणि मध्यवर्ती सत्ता

अमेरिकेत नव्या मोटारींच्या धुरावर मर्यादा घालण्याचा अधिकार मध्यवर्ती शासनाचा आहे. या नियमास अपवाद एकाच घटकराज्याचा. १९६७ च्या कायद्यात त्याचे नावही नाही. ३० मार्च १९६६ पूर्वी ज्याने स्वतःच्या मर्यादा ठरविल्या होत्या असे राज्य, एवढेच वर्णन आहे, आणि त्यात बसते ते केवळ कॅलिफोर्निया. मात्र प्रत्येक नव्या नियमासाठी त्याला मध्यवर्ती शासनाकडून सूट मागावी लागते. 'निकडीची व असामान्य परिस्थिती' नसेल, तर ती नाकारता येते. १९७७ पासून इतर राज्यांनाही कॅलिफोर्नियाचे नियम जसेच्या तसे स्वीकारता येतात. त्यामुळे एका राज्याच्या सुटीवर मोठ्या बाजारपेठेचे भवितव्य अवलंबून असते.

ही शब्दयोजना लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात कोंडणाऱ्या धुरक्यासाठी होती. २००२ मध्ये राज्याने मोटारींतून निघणाऱ्या हरितगृह वायूंवर कायदा केला आणि पेच उभा राहिला. धुरके स्थानिक असते, कार्बन डायऑक्साइड जगभर पसरतो. मग कॅलिफोर्नियाची परिस्थिती असामान्य कशी? याच युक्तिवादावर २००८ मध्ये सूट नाकारली गेली. वस्तुतः हे वायू 'प्रदूषक' या व्याख्येत येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आदल्याच वर्षी पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. युक्तिवाद शब्दशः पाहता पोकळ नाही. पण तो मान्य केला, तर संकट जितके व्यापक तितका राज्याचा अधिकार आकुंचित, असा विचित्र निष्कर्ष निघतो.

पुढे सूट २००९ मध्ये मिळाली, २०१९ मध्ये काढून घेतली गेली, २०२२ मध्ये परत मिळाली. दिलेली सूट मागे घेण्याविषयी कायद्यात स्पष्ट तरतूदच नाही, ही या येरझाऱ्यांतील खरी मेख होय.

२०२५ मध्ये वादाने निराळे वळण घेतले. २०३५ पासून शून्य-उत्सर्जनाच्याच नव्या मोटारी विकण्याच्या नियमास डिसेंबर २०२४ मध्ये सूट मिळाली होती. ती काँग्रेसने १९९६ च्या पुनरावलोकन कायद्याखाली साध्या बहुमताच्या ठरावाने रद्द केली. १२ जून २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली. सूट म्हणजे 'नियम' नव्हे, म्हणून हा कायदा तिला लागू नाही, असे काँग्रेसच्याच लेखापरीक्षण कार्यालयाचे मत होते. कॅलिफोर्निया व अन्य दहा राज्यांनी त्याच दिवशी दावा दाखल केला. अशा ठरावानंतर 'तत्त्वतः तशीच' सूट नव्या कायद्याखेरीज पुन्हा देता येत नाही. पुढचा राष्ट्राध्यक्ष अनुकूल असला, तरीही.