धक्क्यावरची शिकवण

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊन पडू लागले की आम्हां सर्वांची बोटे खोल समुद्रातील जहाजांकडे वळतात; आणि ती वळावीत यात गैर काही नाही. ६ जून २००० रोजी कांदोळीच्या किनाऱ्याजवळ रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज हलविण्यास जवळजवळ एक तप लागले, हेही गोमंतकीय जनता विसरलेली नाही. परंतु मांडवीच्या धक्क्यापाशी पाण्यावर जो सप्तरंगी तवंग दिसतो, तो कोणा परदेशी जहाजाने आणून सोडलेला नसतो. सहलीच्या, डॉल्फिन दाखविणाऱ्या आणि हौसेने बाळगलेल्या आमच्याच होड्यांचा त्यात वाटा असतो.

मोठ्या जहाजांसाठी कायदे आहेत. १९७३ साली झालेला व १९७८ साली सुधारलेला 'मार्पोल' हा आंतरराष्ट्रीय करार मुख्यतः त्यांनाच वेसण घालतो. लहान होडीच्या मागे कोणता निरीक्षक धावणार? टाकी काठोकाठ भरताना थोडे इंधन सांडणे, इंजिनातून झिरपलेले तेल होडीच्या तळातील पाण्याबरोबर उपसून नदीत टाकणे, वंगण बदलल्यावर डबा काठावरच उपडा करणे, यांपैकी एकही कृत्य गुन्हा म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तथापि एका वेळच्या तेलबदलीत निघणारे जुने तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेचे पर्यावरण खाते सांगते. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे नासतेही.

या अडचणीवर कॅलिफोर्नियाने काढलेला मार्ग आम्हांस उद्बोधक वाटतो. १९७२ च्या सार्वमतातून जन्मास आलेल्या तेथील किनारा आयोगाने राज्याच्या नौकाविहार खात्याच्या सहकार्याने 'डॉकवॉकर' नावाचे स्वयंसेवक तयार केले आहेत. थोडे प्रशिक्षण घेतलेली ही माणसे धक्क्याधक्क्यांवर फिरतात. त्यांच्या हाती दंडाची पावती नसते, एक पिशवी असते. तीत तेल शोषून घेणारी गादी व माहितीपत्रके असतात. टाकीत थोडी जागा मोकळी ठेवा, तळातील पाणी उपसण्यापूर्वी त्यातील तेल गादीने टिपा, भिजलेली गादी कचऱ्यात न टाकता ठरलेल्या केंद्रावर द्या, एवढीच त्यांची शिकवण.

साबणाविषयी ते जे सांगतात, ते आमच्याकडेही घरोघर सांगावे असे आहे. तवंगावर साबणाचे पाणी ओतले की तो दिसेनासा होतो आणि मनुष्य समाधानाने घरी जातो. वस्तुतः तेल कोठेच गेलेले नसते. ते बारीक कणांत फुटून पाण्यात खोलवर मिसळते आणि मासळीची पिले व शिंपले यांना अधिकच घातक ठरते. अमेरिकेत अशा प्रकारे साबण वापरणे बेकायदा आहे.

केवळ उपदेशाने काय होणार, असे कोणी विचारील. हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच तेथे उपदेशाला सोयींची जोड आहे. १९९२ च्या कायद्यान्वये नौकांतील मैला खेचून घेणारी केंद्रे उभारण्यास तेथील केंद्र सरकार पैसा देते. तेल कोठे टाकू नये हे ज्याने सांगितले, त्याला ते कोठे द्यावे हेही सांगता आले पाहिजे. नाही तर होडीवाला मान डोलावील आणि अंधार पडल्यावर डबा नदीतच रिकामा करील.

गोव्यात हे काम करण्यास माणसे नाहीत, असे आम्ही मानीत नाही. जहाजांवर हयात घालवून निवृत्त झालेले दर्यावर्दी आमच्या गावोगावी आहेत. तेलकट पाणी समुद्रात सोडण्याविषयीचे कडक नियम त्यांनी बोटीवर रोज पाळले आहेत. त्यांचा शब्द होडीवाला सरकारी परिपत्रकापेक्षा अधिक मानील. त्यांच्या जोडीला महाविद्यालयीन तरुण द्यावेत. कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याने प्रमुख धक्क्यांवर जुने तेल गोळा करण्याची पिंपे ठेवावीत आणि ती वेळेवर उचलली जातील अशी व्यवस्था करावी. या कामाला मोठा खर्च लागेल, असे आम्हांस वाटत नाही.

ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांना कोणी हे विचारीत नाही. त्यांच्या टोपलीत जे येते, ते त्या नदीवर अवलंबून असते. आणि तेच आमच्या ताटात येते. जहाजांविरुद्ध आम्ही जरूर ओरडावे. पण त्या ओरडण्याला अधिकार यावयाचा असेल, तर आपल्या दारातील पाणी आधी आपणच राखले पाहिजे.