कडी वेगळी, कुलूप वेगळं

गाडीचं दार नीट लागेना, उघडेना किंवा रिमोटला दाद देईना, की आपल्या तोंडी एकच वाक्य येतं: ‘लॉक गेलंय.’ गॅरेजमध्येही तेच ऐकू येतं आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो. नवीन लॉक टाका. जुन्या वाड्याच्या दाराबद्दल आपण इतकं मोघम बोललो नसतो. तिथे कडी होती, ती अडकवायला कोयंडा होता, वर कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली कुणाच्या तरी कनवटीला होती. कडी बसत नाही म्हणून कुणी कुलूप बदललं नाही, आणि किल्ली फिरत नाही म्हणून सुताराला बोलावलं नाही. मोटारीच्या दारातही हाच सगळा संसार आहे, फक्त तो पत्र्याआड गेला. दिसेनासा झाला म्हणून सगळ्याला मिळून एक नाव पडलं, आणि नाव एक पडल्यामुळे बिघाडही एकच असावा असं वाटू लागलं. माझं म्हणणं एवढंच, की दारातला नेमका कोण रुसलाय हे बऱ्याचदा एकही स्क्रू न काढता कळतं, आणि ते कळण्याआधी नवा पार्ट मागवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी कडी पाहू. दार उघडून त्याच्या मागच्या कडेकडे पाहिलं तर एक खाच दिसते आणि त्या खाचेत खेकड्याच्या नांगीसारखा, जागच्या जागी फिरणारा लोखंडी तुकडा. समोर गाडीच्या खांबावर जाड सळईचा कोयंडा असतो. मिस्त्री त्याला स्ट्रायकर म्हणतात. दार ढकललं की स्ट्रायकर नांगीत शिरून तिला फिरवतो, आणि आतला एक छोटा खटका तिला परत फिरू देत नाही. हँडल ओढणं म्हणजे तो खटका बाजूला सारणं, बाकी काही नाही. हे सगळं दार उघडं ठेवूनच तपासता येतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नांगी आत फिरवा. एक ‘खट्’ ऐकू येईल, आणखी रेटल्यावर दुसरा. आता बाहेरचं हँडल ओढा. नांगी टणकन मोकळी झाली पाहिजे. पुन्हा अडकवा आणि या वेळी आतलं हँडल ओढा. दोन्ही वेळा ती सुटली तर कडी ठणठणीत आहे. नांगी जडपणे, रेंगाळत फिरत असेल तर तिच्यात सुकलेलं ग्रीस आणि धूळ यांचा गाळ बसलाय, त्यासाठी सफाई आणि नवं ग्रीस पुरे. (नांगी बंद अवस्थेत राहिली असताना मात्र दार आपटू नका. ती स्ट्रायकरवर आदळली की नसलेलं काम निघतं.)

त्या दोन ‘खट्’ आवाजांमागे मोठा विचार आहे. पहिला म्हणजे अर्धवट लागलेलं दार, दुसरा म्हणजे पूर्ण लागलेलं. दार नीट लागलं नाही तरी धक्क्याने सताड उघडू नये म्हणून ही मधली पायरी ठेवलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांच्या मंचाने 2004 साली जगासाठी म्हणून जो पहिला तांत्रिक नियम मंजूर केला, तो दाराच्या कड्या आणि बिजागऱ्यांचाच होता, यावरून हा विषय किती गंभीर मानला गेला ते कळतं. त्यात पूर्ण लागलेल्या कडीने मुख्य चाचणीत 11,000 न्यूटन, म्हणजे साधारण 1,100 किलो वजनाइतका ताण सोसावा अशी अपेक्षा आहे. अर्धवट लागलेल्या कडीकडून अपेक्षा आहे ती 4,500 न्यूटनची, निम्म्याहून कमी. तेव्हा ‘दार जरा आपटून लावावं लागतं’ ही तक्रार किरकोळ नव्हे. आणि गंमत अशी की या तक्रारीत कडीचा दोष अनेकदा नसतोच. दार उघडं असताना नांगी झटकन फिरते, पण बंद करताना अडकत नाही, याचा अर्थ कोयंडा जागेवर नाही. वर्षानुवर्षं ड्रायव्हरच्या बाजूचं दार सर्वांत जास्त उघडलं जातं, त्यावर हात टेकवून उतरणारे असतात, बिजागऱ्या झिजतात आणि दार किंचित झुकतं. उघडं दार टोकाशी धरून वर उचलून पाहा. खालीवर खेळ जाणवला तर बिजागरी बोलतेय. स्ट्रायकरवर एकाच बाजूला चकचकीत घासल्याची खूण असेल तर तीही हेच सांगते. स्ट्रायकरचे बोल्ट सैल करून तो एखाद-दोन मिलिमीटर सरकवला की काम होतं, फक्त सैल करण्याआधी त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी, नाहीतर मूळ जागा कुठली हेच कळत नाही. अशा दाराला नवीन लॉक टाकलं तर नवीन लॉकही आपटूनच लावावं लागेल.

आता कुलूप. इथे आपली समजूत थोडी बदलावी लागते. घरचं कुलूप दार अडवतं. मोटारीतलं कुलूप बहुतेक रचनांमध्ये दार अडवत नाही, हँडल आणि कडी यांच्यातलं नातं तोडतं. म्हणून लॉक केलेल्या गाडीचं हँडल ओढलं तर ते हलतं, पण त्याचं कुणी ऐकत नाही. ही एक गोष्ट लक्षात आली की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. हँडल आणि कडी यांच्यामध्ये बारीक लोखंडी काड्या किंवा सायकलच्या ब्रेकसारख्या केबली असतात आणि काड्यांची टोकं प्लॅस्टिकच्या छोट्या क्लिपांनी जोडलेली असतात. दार आतून उघडतं पण बाहेरून नाही, म्हणजे कडी चांगली आहे. बाहेरच्या हँडलची काडी निसटली, हँडल आतून मोडलं, किंवा कुलूप उघडताना मध्येच अडकलं. बाहेरून उघडतं पण आतून नाही, आणि दार मागचं आहे, तर आधी दाराच्या कडेवरचा मुलांसाठीचा खटका पाहा. गाडी धुताना किंवा खेळताना तो दाबला गेला असेल तर त्यात बिघाड असा काही नाही, तरीही त्यापायी माणसं गॅरेज गाठतात. दार दोन्हीकडून उघडत नसेल तर मात्र संशय कडीवर किंवा अडकलेल्या कुलपावर घ्यावा, आणि हे प्रकरण खरोखर त्रासाचं आहे, कारण डोअर पॅडचे, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाचे, काही स्क्रू दार उघडल्याशिवाय हाती येत नाहीत. हँडल सैल वाटू लागणं, एका ओढीत न उघडणं, ही आधीची लक्षणं असतात. दार अजून उघडतंय तोवरच त्यांचा छडा लावलेला बरा.

सेंट्रल लॉकिंगमध्ये बोटांच्या जागी मोटर आली. दारात प्लॅस्टिकच्या दात्यांची एक चिमुकली मोटर असते. तिला 12 व्होल्टचा प्रवाह एका दिशेने दिला की कुलूप लागतं, उलट दिशेने दिला की उघडतं. इथे पहिला प्रश्न विचारायचा तो ‘एक दार की सगळी दारं?’ सगळी दारं गप्प असतील तर चारही मोटरी एकाच रात्रीत मेल्या असं धरायला कारण नाही. फ्यूज, गाडीची बॅटरी, किंवा हुकूम देणारी यंत्रणा पाहावी. बाहेरून बसवून घेतलेल्या सेंट्रल लॉकमध्ये तर ड्रायव्हरच्या दारातली पाच वायरींची मोटर बाकीच्या दोन वायरींच्या मोटरींची मुकादम असते. मुकादम रुसला की सगळं काम बंद. एकच दार गप्प असेल तर त्या दाराला कान लावून दुसऱ्याला रिमोट दाबायला सांगा. आवाज येतो पण कुलपाची खुंटी हलत नाही, तर मोटरचे दाते झिजलेत किंवा काडी सुटलीय. कण्हल्यासारखा आवाज येतो, तर मोटर थकलीय किंवा कुलूप जड झालंय. अजिबात आवाज नाही, तर वीज पोचत नाही किंवा मोटर जळलीय, आणि या दोहोंतला फरक ठरवायला कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असलेला टेस्ट लॅम्प पुरेसा आहे. तो मोटरच्या दोन वायरींना लावून रिमोट दाबला आणि दिवा क्षणभर चमकला, तर वीज येतेय, दोष मोटरचा. विजेचा झटका सेकंदभर किंवा त्याहूनही कमी टिकतो, त्यामुळे आकडे दाखवणाऱ्या मीटरला तो अनेकदा सापडत नाही. साधा बल्ब तो दाखवतो.

दिवा चमकलाच नाही तर बिजागरीजवळ, दार आणि गाडी यांच्यामध्ये, सोंडेसारखी घड्यांची रबरी नळी असते तिच्याकडे वळावं. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि दार उघडता-मिटताना प्रत्येक वेळी वाकतात. हजारो वेळा वाकलेली तार आतून तुटते. वरचं आवरण कधी शाबूतही असतं. दार अर्धं उघडं असताना लॉक चालतं आणि पूर्ण बंद केल्यावर चालत नाही, किंवा त्याच दाराची काच आणि स्पीकरही अधूनमधून संप करतात, तर पैज लावावी तुटलेल्या तारेवर. तिथे वितभर वायरचा तुकडा आणि सोल्डरिंगचं काम पुरतं, पण या तक्रारीवरही मोटर बदलली जाते. राहिली किल्ली, म्हणजे रिमोट. दुसरा रिमोट चालतो का पाहा, सेल बदला, बस्स. लॉक केल्यावर गाडी लगेच स्वतःच उघडत असेल आणि आतला दिवा किंवा डॅशबोर्डवरची उघड्या दाराची खूण विझत नसेल, तर गाडीला एखादं दार उघडं असल्याचा भास होतोय. तो सांगणारा स्विच बऱ्याच गाड्यांत कडीच्या आतच असतो.

यावर गॅरेजवाले एक रास्त उत्तर देतात. आताच्या पुष्कळ गाड्यांत कडी, कुलूप, मोटर आणि स्विच हे सगळं एकाच बंद डब्यात येतं. एक दाता झिजला तरी पूर्ण डबाच बदलायचा, मग आतलं कोण बिघडलं याची चिकित्सा कशाला? डब्याच्या आतल्या बिघाडापुरतं हे खरं आहे. पण स्ट्रायकर, बिजागरी, बाहेरचं हँडल, वायर, फ्यूज आणि रिमोट हे सगळे डब्याच्या बाहेर आहेत, आणि दोष डब्यात आहे की बाहेर, हे ठरवायलाच तर चिकित्सा हवी. दुसरा आक्षेप वेळेचा. शोधत बसण्यापेक्षा पार्ट बदलणं स्वस्त. जिथे मजुरी तासावर आणि महाग आहे तिथे हा हिशेब जमेल. आपल्याकडे पार्ट महाग आणि हात स्वस्त, शिवाय वर सांगितलेल्या तपासण्यांना दहा मिनिटं लागत नाहीत. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: सामान्य माणसाने दाराचं पॅड उघडू नये. मान्य. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचे, हवेचा दाब ओळखणारे सेन्सर दारात असतात, आणि पॅडच्या मागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद हा त्या व्यवस्थेचाही भाग असतो. पण हा कागद फाडण्यात पुढाकार कुणाचा असतो? काम झाल्यावर तो नीट न चिकटवणारे कारागीर कमी नाहीत. काचेच्या फटीतून दारात पाणी उतरतंच, ते दाराच्या तळच्या भोकांवाटे बाहेर जावं आणि आत येऊ नये यासाठी तो कागद असतो. तो फाटला की पहिल्या जोरदार सरीला पायाशी चिखल होतो आणि मालक सनरूफला नाहीतर पत्र्याला दोष देतो. म्हणून निदान आपण करावं, उघडणं कारागिराने, आणि परत घेताना कागद आणि त्याचा चिकट पट्टा पुन्हा लावला का, हे मात्र तोंड उघडून विचारावं.

कोकणात आणि गोव्यात तळच्या भोकांकडे विशेष लक्ष द्यावं. लाल माती आणि पानांचा चोथा तिथे बसला की दार पाण्याचं पिंप होतं; चालताना दारातून डुचमळल्याचा आवाज येतो तो यामुळे. मोटर आणि कडी त्या दमटपणात महिनोन्‌महिने राहिली तर गंजणार नाहीत तर काय? काडी घालून भोकं मोकळी करणं हे पावसाळ्यापूर्वीचं काम आहे. तेलाबद्दलही एक शब्द: खोबरेल घालू नये. ते चोवीस अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत कुलपात मेणासारखं बसतं. डब्लूडी-40 हे मुळात ओलावा हटवण्यासाठी काढलेलं रसायन आहे, नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं तेच सांगतात. जाम सोडवायला ते उत्तम, पण कायमचं वंगण म्हणून कडीला पांढरं ग्रीस आणि किल्लीच्या भोकाला ग्रॅफाइटची पूड बरी.

कडी आणि कुलूप एकच समजण्याची किंमत पैशांपुरती राहत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईत काही जण बंद गाड्यांमध्ये अडकून दगावले, आणि त्यानंतर सेंट्रल लॉक हा शब्द लोक धास्तीने उच्चारू लागले. धास्ती समजण्यासारखी आहे, पण मीटरभर रुंदीच्या दाराला बाहेरून अर्धा मीटर पाणी टेकलं आणि आत पाणी नसलं, तर त्यावर सुमारे सव्वाशे किलोचा भार येतो. कुलूप उघडं असूनही असं दार ढकललं जात नाही, आणि वीज गेल्यावर काचाही उतरत नाहीत. तेव्हा पाणी चढताना कुलपाशी झटापट करण्याआधी, वीज आहे तोवर, काच खाली घेतली पाहिजे. कुलपाच्या बाजूची काळजी पुढे नियमाने घेतली: 1 जुलै 2019 पासून नव्या प्रवासी गाड्यांत वीज नसतानाही सेंट्रल लॉक हाताने उघडता येण्याची सोय सक्तीची आहे. ती सोय बाहेरच्या बाजूने म्हणजे रिमोटच्या पोटात लपवलेली साधी किल्ली, आणि ती वर्षानुवर्षं कुणी वापरलेली नसते. आज संध्याकाळी गाडी लावाल तेव्हा रिमोट न दाबता ती किल्ली काढा, ड्रायव्हरच्या दारात घाला आणि फिरते का पाहा.