भरलेली बाटली, तहानलेला उंदीर

धुळे, जळगाव जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो. अशा दिवसांत औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यावरील बाटलीची नळी बुजली, तर बाटली भरलेली दिसते. उंदीर मात्र तहानलेला राहतो. प्रयोगातील मोठा पांढरा उंदीर दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे ५ ग्रॅम खाद्य खातो आणि १० मिलिलिटर पाणी पितो. पाणी तुटले की त्याचे खाणेही घटते. मग उतरलेले वजन औषधाचा परिणाम समजले जाते आणि निष्कर्षच फसतो. म्हणूनच रक्तशर्करेच्या चाचणीपूर्वी खाद्य काढले, तरी पाणी ठेवतात. प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मान्यता आवश्यक असते. परंतु रोज नळीतून थेंब येतो का, हे माणसानेच पाहायचे असते.